भरून आलेलं तबक

ये गे मंजू, अशी जवळ सरकून बस. कागदावर बोलतेय म्हणून लांब बसायचं काही कारण नाही. आणि तो फोन आधी पालथा घाल. मागच्या खेपेला आलीस ती सगळा वेळ त्याच्यातच डोकं घालून होतीस, आणि मी रसवांगीला फोडणी देतेय तोवर बॅग खांद्याला लावून उभी! ही काय रीत झाली? पुण्यात राहून मराठी वाचायला शिकलीस, हे मात्र छान केलंस. आपल्या घरातली बाकीची पोरं मराठी ऐकतात, तमिळमध्ये उत्तर देतात, आणि हे कागद समोर ठेवले तर उलटे धरतील. माझं देवनागरी तरी काय, आरतीच्या पुस्तकावरनं आणि भिंतीवरच्या पंचांगावरनं गिरवलेलं. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर तूच नीट करून घे. तू त्या दिवशी जाता जाता विचारलंस, "आजी, तू इतकी हुशार, मग कॉलेजला का नाही गेलीस?" मी "नाही जमलं" म्हणाले आणि कॉफीचं डिकाशन गाळायला उठले. ते काही उत्तर नव्हे. उत्तर लांबलचक आहे, उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर आपल्याच गल्लीत, राजवाड्यामागं, तू पाहिलंयस तेच. फक्त तेव्हा पुढं तिण्णै होती, लांब थोरला ओटा, आणि संध्याकाळी त्यावर माझ्या अप्पांची पेटी निघायची. अप्पा दिवसा ओरत्तनाडूला कचेरीत कारकून. सकाळी शिळ्या भाताला ताक लावून खायचे आणि बसला धावायचे. संध्याकाळी परत आले की अंघोळ, अंगावर पांढरंशुभ्र धोतर, आणि कीर्तनाला पेटीची साथ. कीर्तनकार पुढं उभे, अप्पा त्यांच्या मागं बसलेले. नाव पुढच्याचं व्हायचं, पण अप्पांना त्याचं काही वाटत नसे. कुठं साथ कबूल केली की ताप असो, पाऊस असो, जाणार म्हणजे जाणार. एकदा कबूल केलेली गोष्ट त्यांनी मोडली असं आमच्या कुणाच्या आठवणीत नाही. आई स्वयंपाकघरात डांगर पचडीसाठी उडदाचं पीठ ताकात कालवत असायची, तिच्या बांगड्या आणि बाहेर पेटीचा भाता, असे दोन आवाज एका लयीत चालायचे. मला पेटी कुणी शिकवली नाही. अप्पा कचेरीत गेले की मी ती काढायची, आणि आई न ऐकल्यासारखं करायची.

शाळा गल्लीच्या तोंडाशी, ख्रिस्ती सिस्टर लोकांची, मुलींची. प्रार्थनेच्या हॉलमध्ये भिंतीला लागून एक ऑर्गन होता. अप्पा त्याला पायपेटी म्हणायचे. पेटीसारख्याच पट्ट्या, पण भाता हातानं नाही, खाली दोन पावट्या असतात, त्या पायांनी एकीमागून एक दाबत राहायचं. पाय थांबले की सूर गेला. वाजवणारीचं तोंड भिंतीकडं, पाठ सगळ्या शाळेकडं, म्हणून वर एक छोटा आरसा बसवलेला, त्यातून मदरचा हात दिसायचा. मदर म्हणजे शाळेच्या मुख्य. बेल्जियमच्या, पण इतकी वर्षं इथं राहून पुस्तकातल्यासारखं तमिळ बोलायच्या. ऑर्गन वाजवायला एक म्हाताऱ्या मिस होत्या. मला पेटी येते हे कळल्यावर त्यांनी मला त्या स्टुलावर बसवलं. मी उजव्या हातानं सुरू केलं आणि माझा डावा हात, गे, आपसूक मागं जाऊन हवेत भाता मारायला लागला! मुली इतक्या हसल्या की मी रडायचीच बाकी. मिसनी तो हात धरून पट्ट्यांवर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "हा मुलगा आळशी बसलाय, याला कामाला लाव."

लावलं मी त्याला कामाला. शाळा संपेपर्यंत मी मिसपेक्षा बरी वाजवायला लागले होते, आणि मिस आपल्या बहिणीकडं कायमच्या निघून गेल्या. मदरनी निरोप पाठवला की ताराला शाळेतच ठेवायचं, सकाळची प्रार्थना वाजवायची आणि दुपारनंतर मुलींना शिकवायचं. अप्पांची छाती काय फुगली! त्यांनी पितळेचं तबक घासून घेतलं, त्यात विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, हळदीची गाठ मांडली, आणि मला घेऊन शाळेत गेले. तबक दोन्ही हातांनी पुढं करून म्हणाले, "मदर, आमची मुलगी आता तुमची."

मदरनीही दोन्ही हात पुढं केले. "मी फार आनंदानं स्वीकारते."

परत येताना अप्पा म्हणाले, "तारू, तांबूल दिलं हं. आता तू शाळेची."

"किती दिवस अप्पा?"

"खुळी का काय! तांबूलाला दिवस असतात?"

मलाही तेव्हा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. आईची जांभळी साडी नेसून, वेणीत कनकांबर माळून मी "तारा टीचर" झाले. पण वर्ष उलटलं नाही तोच ते स्टूल मला टोचायला लागलं. सकाळी घंटा झाली की भिंतीकडं तोंड. तीच गाणी, तोच आरसा, त्यात तोच उचललेला हात. ताप आला तरी उठता येत नाही, कारण दुसरं कुणी वाजवणारं नाही. मी मुलींना शिकवायची ते जीव तोडून शिकवायची, मनात एकच की यातली एक तयार झाली तर मी सुटेन. पण आईबापांना मुलीला ऑर्गन यायला हवा होता तो स्थळाला सांगायला. दोन्ही हात जमायला लागले की मुलगी हमखास कोईमतूरला नाहीतर मद्रासला नांदायला जायची. एकीची पत्रिका द्यायला तिची आई आली, तेव्हा मी म्हणाले, "दोन महिने थांबला असता तर हिचं डावं बोट सरळ झालं असतं हो." ती बाई म्हणाली, "टीचर, मुलाकडच्यांनी बोटं नाही पाहिली." घरी हे सांगितलं तर आई पोट धरून हसली. मग हसू आवरून माझ्याकडं बघत राहिली.

मला काय हवं होतं ते सांगते. झाडं. म्हणजे बागेतली नाही, वर्गातली. शाळेत शेवटच्या वर्षी आम्ही जास्वंदीचं फूल ब्लेडनं उभं चिरून भिंगाखाली धरलं होतं, आणि आत ते सगळं इतकं नीट लावून ठेवलेलं दिसलं की मला घरी येऊन जेवण गेलं नाही. माझी मैत्रीण कमला, पुढच्या गल्लीतली, ती आणि मी दोघी वेड्या झालो होतो. एक-दोन वर्षं टाळाटाळ करून कमलाच्या वडिलांनी शेवटी तिरुच्चीच्या बायकांच्या कॉलेजात दोघींची नावं घातली, त्याच विषयाला, आणि दोघींना जागा मिळाली. कमला धावत तिण्णैवर आली, "ताराऽ, दोघींना! दोघींना!" तिच्या हातात अर्धा चावलेला मुरुक्कू होता, तोच तिनं माझ्या तोंडात कोंबला. पण तिरुच्चीची बस निघायची ती ऐन आमच्या प्रार्थनेच्या वेळी. बस धरायची तर ऑर्गन सोडायला हवा.

मी मदरकडं गेले. मदर म्हणाल्या, "मी नको कशी म्हणेन, मुली? पण तुझ्या वडिलांनी तुला माझ्या हाती सोपवलंय. त्यांनी येऊन सांगू दे, मी लगेच सोडीन."

मी अप्पांकडं गेले. अप्पा पेटीच्या पट्ट्या पुसत बसले होते. "शिक की, मी कुठं नको म्हणतोय? पण दिलेलं तांबूल मी मागायला जाऊ? त्या बाई काय म्हणतील, मराठ्यांच्या घरात दिलेला शब्द फिरवतात? त्यांनी तबक परत पाठवलं तर गोष्ट वेगळी."

परत मदर. परत अप्पा. दोघं माझ्यावर जीव टाकणारे, दोघांची ना नाही, आणि दोघं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतायत. कॉलेज उघडायचा दिवस जवळ येत चाललेला. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "दोघं मोठे शहाणे. मधल्या मधे पोर भाजतेय माझी." पण अप्पांसमोर बोलायची तिची टाप नव्हती, आणि माझी तर त्याहून नाही. आता तुला वाटेल, सरळ बस धरायची! तुझ्या काळातली बस वेगळी गे. आमच्या बसमध्ये चढायला आधी घरातली दोन माणसं हसून निरोप द्यायला लागायची.

शेवटी मीच एक शक्कल काढली. मदरना म्हणाले, "मदर, अप्पांनी तुम्हाला तबक दिलं होतं ना, तेवढं परत पाठवा. मग त्यांना काही अडचण नाही."

मदर इतक्या दचकल्या! "ते तबक? अगं, केळी आम्ही सगळ्या सिस्टरनी खाल्ली, आणि तबकात आम्ही मेणबत्त्या ठेवतो! त्याचं वडिलांना इतके दिवस ओझं वाटत होतं? मला कुणी बोललं का नाही?" त्यांचे डोळे भरून आले. "पाठवते कशाला, मी स्वतः येते. हे माझ्या हातानं व्हायला हवं."

मी नाचत घरी आले. आईला सांगितलं. आईनं लगेच सुरळी पोळीचं पुरण शिजत घातलं. कमलानं तिच्या मावशीकडून माझ्यासाठी एक कापडी पिशवी आणून ठेवली, पुस्तकांना. ती मी दाराआडच्या खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मदर सायकलरिक्षातून आल्या. पांढरा झगा, मांडीवर तबक, त्यावर विणलेला पांढरा रुमाल. सगळी गल्ली दारात. अप्पा पेटीवरून उठून धोतर सावरत पुढं झाले. आणि मी पाहिलं, मंजू. रुमाल सपाट नव्हता. मधे उंचवटा होता.

मदरनी रुमाल काढला. तबक घासून लख्ख केलेलं. त्यात विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळीचा फणा, हळद, आणि वर मोगऱ्याचा गजरा. मदर मोठ्या कौतुकानं अप्पांना म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्या गावात राहिले मी. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं तरी शिकलेय."

आता तू पुण्यात वाढलेली, तुला हे सांगायला हवं. आपल्याकडं इथं लग्न ठरतं ते मांडवात नव्हे. एका घरचं तांबूल दुसऱ्या घरी जातं, आणि त्या घरचं भरलेलं तबक या घरी येतं. तबकं बदलली की ठरलं, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. इतके दिवस नुसतं आमचं तबक त्यांच्याकडं गेलेलं होतं, म्हणजे गोष्ट अर्धीच होती. ती त्या बिचारीनं स्वतःच्या हातानं, बाजारातून नारळ निवडून आणून, पुरी केली.

अप्पांनी तबक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आत वळून मराठीत ओरडले, "अगो ऐकलंस का? तबकं बदलली! मुलीला केवढा मान दिला बघ!"

"अप्पा," मी म्हणाले, "त्या परत द्यायला आल्यात ते."

"परत द्यायचं तबक असं भरलेलं असतं का गे? काहीतरीच बोलतेस!" आणि मदरकडं वळून, हात जोडून, तमिळमध्ये, "आता पक्कं झालं, मदर."

"हो हो, पक्कं!" मदर हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, माझी सुटका पक्की.

"आता ही आणखी मन लावून वाजवील."

मदर थबकल्या. माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "म्हणजे तारा राहणार? तबक मिळूनसुद्धा? तुम्ही स्वतःहून ठेवताय तिला?" अप्पांनी मान डोलावली. मदरचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मी आयुष्यात कुणाचा चेहरा तसा पाहिला नाही. त्यांनी माझा गाल थोपटला. "मला वाटलं होतं मी तुला गमावलं. देवाची कृपा!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण दारात अर्धी गल्ली उभी, शेजारच्या गोदाकाकू मान आत घालून विचारतायत, "काय गे तारा, तबक तर आलं, नवरा कुठाय?", सगळे हसतायत, अप्पांच्या डोळ्यांत पाणी, मदरच्या डोळ्यांत पाणी, आणि आई आतून ताट घेऊन येतेय, ताटात सुरळी पोळ्या. आईनं माझ्याकडं बघितलं तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. तिनं मदरच्या ताटात तूप वाढलं, आणि थोडं खाली सांडलं. मदर दोन पोळ्या खाऊन, कॉफी पिऊन, रिक्षात बसून गेल्या. मी पायरीवर उभी राहून हात हलवला.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी ऑर्गनवर होते. मुली गात होत्या, माझे पाय चालत होते, आणि बाहेर रस्त्यावर तिरुच्चीच्या बसचा भोंगा वाजला, लांब, दोनदा. त्या बसमध्ये कमला होती. मंजू, माझे पाय थांबले. मी ठरवून थांबवले नाहीत, ते थांबले. भात्यातली हवा संपत गेली, सूर बारीक होत होत विझला, आणि माझी बोटं मुक्या पट्ट्यांवर तशीच. मी आरशात बघितलं. वाटलं आता सगळ्या वळतील, गाणं मोडेल, मदर धावत येतील. एकही मान वळली नाही. मुली आपल्या गात होत्या, सुरात होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि व्यवस्थित थांबल्या. ज्याच्यासाठी मला तिथं बांधून ठेवलं होतं, ते माझ्यावाचून बिनबोभाट पार पडलं.

प्रार्थना संपल्यावर मदर जवळ आल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्या म्हणाल्या, "आज किती हळुवार वाजवलंस तारा! रोज असंच वाजव."

मग पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे वरवर माहीत आहे. माझं लग्न माहेरापासून दोन दारं सोडून पलीकडं, या आताच्या आपल्या घरात झालं. लोक म्हणतात योगायोग. योगायोग कसला, अप्पांनी स्थळच तेवढ्यात बघितलं, मुलीला घंटा ऐकू यायला हवी म्हणून. तुझे आजोबा भले होते, ते गमतीनं म्हणायचे, "मी सवतीवर लग्न केलंय, सवतीला दोन पावट्या आहेत." कमला शिकली, कॉलेजात शिकवायला लागली, सुट्टीत आली की माझ्यासाठी पानं वाळवून आणायची, त्यांची नावं सांगायची, मी ती पाठ करायची. चांगले दिवसही होते. कधी एखादी पोरगी पहिल्यांदा दोन्ही हात जुळवायची आणि घाबरून माझ्याकडं बघायची, ते मला आवडायचं. पण सकाळी घंटा झाली की छातीवर काहीतरी बसायचं, ते शेवटपर्यंत बसलं. अप्पा गेले, त्यांच्या तेराव्यानंतर मी परत त्या स्टुलावर. मदर गेल्या, त्यांना माती देण्याआधीच्या प्रार्थनेला मीच वाजवलं. त्या दिवशी वाजवता वाजवता एकदम ध्यानात आलं की मला सोडायचं ते दोघांपैकी एकानं, आणि आता दोघंही नाहीत. सोडवणारं कुणी उरलंच नव्हतं. म्हणून मी जात राहिले. निवृत्तीचं वय झालं तरी जात राहिले, कुणी ये म्हणालं नाही, कुणी येऊ नको म्हणालं नाही. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, त्याला पायांचं काही काम नाही, तरी माझे पाय खाली फरशी दाबत राहायचे आणि मागच्या बाकावरच्या पोरी त्याला खुसखुसायच्या.

यंदा शाळेला सुट्टी लागायच्या आधी मी धीर केला. आताच्या सिस्टर तरुण आहेत, माझ्याच हाताखाली दोन गाणी शिकलेल्या. मी आदल्या दिवशी सगळं बोलणं मनात घोळवून ठेवलं होतं, अप्पांचं, मदरचं, कमलाचं, सगळं सांगायचं होतं. ऑफिसात गेले आणि म्हणाले, "सिस्टर, जूनपासून मी येणार नाही."

त्या कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होत्या. म्हणाल्या, "ओके टीचर."

मी उभीच. त्यांनी वर बघितलं. "गाणी सगळी रेकॉर्ड केलेली आहेत ना, स्पीकरवर लावू. अजून काही होतं का टीचर?"

"नाही," मी म्हणाले, "एवढंच."

बाहेर आले आणि कडुलिंबाखाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. हसू येईल वाटलं, तेही नाही. इडली विकणारी मारियम्मा म्हणाली, "काय टीचर, घरी नाही जायचं?" मी म्हणाले, "जाते की."

सोमवारी शाळा उघडली. घंटा झाली तेव्हा मी घरात होते. हातात कॉफी होती आणि कुठं बसायचं तेच कळेना. या वेळी आपल्या घरात ऊन कुठपर्यंत येतं, कुठल्या खिडकीतून वारा येतो, समोरची मांजर कधी येते, मला काही काही माहीत नाही गे. सुट्टीची सकाळसुद्धा कामातच गेली, या घराची सकाळ मी कधी निवांत बसून पाहिलीच नाही. तू येतेस ती नेहमी संध्याकाळी, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना निघून जातेस, दाराला कुलूप लावून किल्ली गोदाकाकूंच्या सुनेकडं. तसं आता करू नकोस. लवकर ये, आणि चार दिवस राहा. मद्रासहून रात्रीच्या गाडीनं निघ म्हणजे पहाटे स्टेशनवर उतरशील, रिक्षा सरळ दारापर्यंत येते. घंटा व्हायच्या आत पोच. मला एकटीला सकाळ अजून अंगवळणी पडलेली नाही, दोघी मिळून बसू.